टाच

हॅम्बुर्गहून ऑर्डर आली. दोनशे चाळीस टॉवेल,
पांढरे, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने नाव.
सोबत यादी: याकोप, झाक, जाकोमो, याक्को,
दिएगो, शेमस, जेम्स,
आणि तळाशी एक ओळ, की ही सगळी माणसं
एकाच नावाची आहेत, पंचवीस जुलैला
एका तळ्याकाठी जमतात, जेवतात, पोहतात
आणि अंग पुसायला टॉवेल लागतात.

अक्कलकोट रोडचं शेड, एप्रिल, पत्रा तापलेला.
चिलका सुपरवायझर चष्मा वर सारून म्हणाले,
"सुवार्ता, दिएगो आन् याकोप एकच कसं गं?
धोतर आन् धोत्रा एकच म्हणल्यावानी."
मी म्हटलं, जुन्या करारात आहे.
जुळ्यातला धाकटा, थोरल्याची टाच धरून जन्मला,
म्हणून नाव पडलं, टाच धरणारा.
"मग दिएगोत टाच कुठाय?"
झिजली असेल. लांब चालत गेलं नाव,
वाटेत कुणी पहिलं अक्षर ठेवून घेतलं,
कुणी शेवटचं उष्टं केलं.

बारा सुया एकदम खाली येतात.
शेमसला टाके कमी, जाकोमोला दोरा जास्त.
मी टाचत राहते. टाचणं हा शब्द
रोजचा आहे माझ्या हातात,
त्या दिवशी तो पायाकडे गेला.

बाबांची डावी टाच कार्डिंगच्या पट्ट्यात गेली,
त्याच्या तिसऱ्या वर्षी गिरणीवर टाच आली.
दोन्हीची भरपाई एकाच पाकिटात मिळाली.
त्यानंतर ते लंगडत चर्चला जायचे,
देवाशी रात्रभर झोंबला त्याचंही असंच झालं,
म्हणायचे, आणि बसायचे मागच्या बाकावर.

हजेरीपटावर ते जेकब डी.
रेशनकार्डावर याकुब, म्हणून
खाटीक गल्लीतले इलाही मास्तर
दर ईदला शिरखुर्म्याचा डबा धाडायचे, नात्यातला समजून.
पद्मशाली बायका याकोबू म्हणायच्या.
जॉबर तुळजापूरचा, त्याने सरळ याकोबा केलं,
म्हसोबाच्या, बिरोबाच्या ओळीत नेऊन बसवलं,
एकदा तर नारळही फोडला पायाशी, थट्टेत,
आणि थट्टेतच खोबरं वाटलं.
आणि शेजारची शरणव्वा, दात नसलेली,
तिच्या तोंडी उरलं याकप्पा.
बाबा हसायचे. कानडीत याक म्हणजे का.
"मला हाक मारली की म्हातारी प्रश्न विचारते,
मी ओ देतो, उत्तर कुठून देऊ?"

ते गेले मागच्या आषाढात.
फरशीवाला मल्लीनाथ छिन्नी कानावर खोचून उभा,
शहाबादी दगड, अक्षराला चाळीस रुपये,
"ताई, नाव नक्की काय घालू?"
भाऊ म्हणाला याकोब, कागदावर तेच आहे.
आत्या म्हणाली जेकब, पेन्शनचं बघ.
इलाही मास्तर भिंतीपाशी उभे होते,
काही म्हणाले नाहीत.
मी म्हटलं, खाली खरटमल घाल, साल घाल.
वरची जागा राहू दे.
मल्लीनाथने पैसे कमी घेतले, तोंड वाईट करून.

दोनशे चाळीस मोजून पेटीत भरले.
एकावर सुई अडकली होती,
या इतकंच उमटलं आणि दोरा तुटला.
चिलका म्हणाले, रिजेक्टमध्ये टाक.
मी घरी आणला. भाकरी गुंडाळते त्यात.

रविवारी दफनभूमीत गेले तर
शरणव्वा आधीच आलेली, नातवाच्या खांद्यावर हात टेकून.
वाचता येत नाही तिला.
तरी मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं तिने,
डावीकडून उजवीकडे, सावकाश,
आणि दगडाला म्हणाली,
याकप्पा?